नाशिकमध्ये भाड्यासाठी पहिले रो-हाऊस घेताना

सातपूरच्या एका कारखान्यात अभियंता असलेल्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे राहते घर कर्जमुक्त आहे, हाताशी २४ लाख रुपये साठले आहेत आणि भाड्याने देण्यासाठी एखादे रो-हाऊस घ्यावे असे त्यांच्या मनात आहे. पाथर्डी फाट्याजवळचे नवे कोरे, ६० लाखांचे एक घर आणि म्हसरूळकडचे १४ वर्षांचे जुने, ४२ लाखांचे दुसरे घर त्यांनी पाहून ठेवले आहे. फ्लॅटपेक्षा स्वतंत्र घर बरे का, कर्जाचा हप्ता भाड्यातून निघेल का, आणि भाडेकरू सांभाळायचा कसा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी २००६ पासून नाशिकमध्ये भाड्याची घरे घेत आणि सांभाळत आलो आहे, त्यामुळे जे अनुभवाने पटले आहे तेवढेच येथे लिहितो.

आपण तिन्ही प्रश्न घरापासून सुरू केले आहेत. मी मात्र भाडेकरूपासून सुरुवात करायला सांगेन. आपल्या घरात कोण राहणार, त्याचे कामाचे ठिकाण कोठे, मुलांची शाळा कोठे आणि त्याला महिन्याला किती भाडे झेपेल हे आधी डोळ्यांसमोर आणावे, आणि मग त्या माणसासाठी घर शोधावे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारी कुटुंबे सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या पट्ट्यात घर शोधतात, कारण पाळी संपल्यावर दुचाकीने वीस मिनिटांत घरी पोहोचणे त्यांना महत्त्वाचे वाटते. आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हसरूळचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्यामुळे त्या बाजूला डॉक्टर, प्राध्यापक आणि कर्मचारी यांची मागणी असते. नाशिकरोडला मुद्रणालये आणि रेल्वे, देवळालीला लष्कर, ओझरकडे विमान कारखाना. प्रत्येक भागाचा भाडेकरू निराळा आणि त्याच्या अपेक्षाही निराळ्या. गंगापूर रोडवरचा देखणा बंगला स्वतःला राहायला फार आवडेल, पण त्याच्या किमतीच्या मानाने भाडे देणारी कुटुंबे थोडी असतात आणि असे घर एकदा रिकामे झाले की महिनोन्‌महिने रिकामे राहते.

आता हप्त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि हे उत्तर पचवूनच पुढे जावे. ६० लाखांच्या घरावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख कर्ज मिळू शकते. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ४१,७०० रुपये होतो. त्या घराचे भाडे १६,००० धरले तरी दरमहा पंचवीस हजारांहून अधिक रक्कम आपल्या पगारातून जाईल. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून बँक त्यावर कर्ज देत नाही. तो रोखच उभा करावा लागतो. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के पडते आणि ते व्यवहाराची किंमत किंवा रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. नोंदणी शुल्क एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. घर केवळ महिलेच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. मात्र पैसा आपला आणि नाव पत्नीचे असेल तर भाड्याचे उत्पन्न आयकरासाठी आपलेच धरले जाते, एवढे लक्षात ठेवावे.

आता ४२ लाखांचे घर घेऊ. २५ लाख कर्ज आणि १७ लाख स्वतःचे असे धरले, तर त्याच दराने हप्ता सुमारे २१,७०० रुपये होतो. मुद्रांक शुल्क अडीच लाखांच्या घरात, नोंदणी ३०,००० आणि सुरुवातीच्या दुरुस्तीला दीड लाख धरले, तर आपल्या २४ लाखांतून सुमारे २१ लाख ३० हजार जातील आणि पावणेतीन लाखांच्या आसपास हाताशी राहतील. ही शिल्लक मोडायची नाही. १३,००० भाड्याने वर्षाचे १,५६,००० होतात. त्यातून एक महिना घर रिकामे राहील असे धरून १३,०००, दोन महिन्यांचे भाडे दुरुस्तीसाठी बाजूला म्हणून २६,००० आणि घरपट्टीसाठी ८,००० वजा केले, तर १,०९,००० उरतात. सर्व खर्च धरून घरात ४६ लाखांहून अधिक अडकलेले असतील, म्हणजे निव्वळ उत्पन्न अडीच टक्क्यांपेक्षाही कमी. बँकेच्या मुदत ठेवीशी तुलना केली तर हा आकडा निराश करणारा आहे, आणि तो झाकून ठेवणाऱ्या कोणत्याही दलालावर विश्वास ठेवू नये. हे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून मांडले आहेत. आपण प्रत्यक्ष भाव आणि त्या वेळचा व्याजदर घालून ते पुन्हा मांडावेत.

मग असे घर घ्यायचेच कशाला? रो-हाऊसखाली जमीन असते म्हणून. बांधकाम वर्षागणिक झिजते, जमीन झिजत नाही. फ्लॅटमध्ये जमिनीतला आपला वाटा लहान आणि अविभाजित असतो, तर स्वतंत्र घरात तो मोठा आणि ठसठशीत असतो. पण हा फायदा बारा-पंधरा वर्षे थांबणाऱ्याला मिळतो. पाच वर्षांत विकायचे मनात असेल तर मुद्रांक शुल्क, दलाली आणि व्याज यांतच बहुतेक वाढ संपते. २०२७ च्या सिंहस्थामुळे भाव दुप्पट होतील असे अनेक जण सांगतात. कुंभमेळा १२ वर्षांतून एकदा येतो आणि हप्ता दर महिन्याला येतो. मेळ्याच्या गर्दीचे भाडे आपल्या हिशेबात एक रुपयाही धरू नये.

आयकराचे थोडक्यात. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीला खर्च कमी झालेला असो वा जास्त. त्यानंतर कर्जाचे व्याज वजा होते. २५ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी सुमारे २ लाख १० हजार व्याज असेल, त्यामुळे घराच्या खात्यावर तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. आपण कोणत्या प्रणालीत आहात यावर हा निर्णय काही हजारांनी इकडेतिकडे होतो, म्हणून खरेदीपूर्वीच करसल्लागाराला विचारावे.

कागदपत्रांविषयी मी आग्रही आहे. रो-हाऊसच्या बाबतीत पहिला प्रश्न असा विचारावा की, आपल्याला नेमके काय विकले जात आहे. काही ठिकाणी प्रत्येक घराखालचा भूखंड स्वतंत्र असतो, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर आपले नाव लागू शकते. काही ठिकाणी सगळी जमीन एकत्र असून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र केलेले असते आणि आपल्याला जमिनीचा टक्क्यांतला वाटा मिळतो. दोन्ही कायदेशीर आहेत, पण किंमत एकच असू शकत नाही. त्यानंतर बिनशेती आदेश, मंजूर अभिन्यास (भूखंडांची आखणी), बांधकामाचा मंजूर नकाशा आणि महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला पाहावा. नकाशा हातात घेऊन प्रत्येक खोलीत उभे राहावे. नाशिकच्या जुन्या रो-हाऊसमध्ये पुढच्या मोकळ्या जागेवर पत्रा टाकून काढलेली खोली आणि गच्चीवर चढवलेला मजला हे हमखास आढळतात. नकाशात नसलेल्या बांधकामाला बँक किंमत धरत नाही, आणि उद्या नोटीस आली तर ती आपल्या नावाने येते. सिडकोच्या योजनेतली घरे मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली आहेत, तेथे हस्तांतरणाची कागदोपत्री साखळी सिडकोकडे तपासून घ्यावी. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या तुकड्यावरचे किंवा दहा-बारा वारसांची नावे असलेल्या सातबाऱ्यावरचे घर कितीही स्वस्त मिळत असले, तरी पहिल्या खरेदीला ते घेऊ नये.

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकी आणि बोजे यांचा इतिहास, घ्यावा आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. नवे घर असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प पाहावा. मात्र ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसलेली जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरे नसलेला प्रकल्प यांना नोंदणीतून सूट आहे, आणि रो-हाऊसच्या अनेक छोट्या योजना नेमक्या या सवलतीत बसतात. तेथे बांधकामाच्या दर्जाची तपासणी आपल्यालाच करावी लागते. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर एक टक्का कर कापून तो भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विकणारा परदेशात राहणारा असेल तर कपातीचे नियम पूर्ण वेगळे होतात, तेव्हा सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पूररेषेचा विषय नाशिककर सहज विसरतात. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की गळ्याला, एवढे आपण पाहतो; पण २००८ आणि २०१९ मध्ये पाणी घाटापुरते थांबले नव्हते. नासर्डी, वाघाडी, वालदेवी याही नद्या आहेत आणि त्यांच्या काठी घरे आहेत. निळ्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या नकाशावर आपले घर कोठे बसते हे नगररचना विभागात विचारावे आणि शेजारच्या किराणा दुकानदाराला त्या दोन वर्षांत पाणी कोठवर आले होते हेही विचारावे. मला दुसऱ्या चौकशीने जास्त वेळा वाचवले आहे.

फ्लॅट आणि स्वतंत्र घर यांतला खरा फरक देखभालीत आहे. फ्लॅटमध्ये गच्ची, टाकी, जिना, भिंत यांची काळजी सगळे मिळून घेतात. रो-हाऊसमध्ये गच्ची आपली, जमिनीखालची टाकी आपली, ड्रेनेजचे चेंबर आपले, कुंपणाची भिंत आपली, आणि शेजाऱ्याबरोबरची सामाईक भिंत निम्मी आपली. त्या भिंतीवर ओल दिसली की ती बहुतेक वेळा शेजारच्या न्हाणीघरातून येते, आणि ती दुरुस्त करायला लादी फोडावी लागते ती शेजाऱ्याची. त्यामुळे घर पाहायला जाल तेव्हा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना भेटावे. काळ्या मातीवर बांधलेल्या घरात जोत्याजवळ आणि कुंपणाच्या भिंतीला तिरप्या भेगा पडतात. वरवरच्या केसासारख्या भेगेची काळजी नसते, पण जिच्यात नाणे शिरते अशी भेग अभियंत्याला दाखवावी.

गच्चीची परीक्षा कशी करतात ते सविस्तर सांगतो, कारण रो-हाऊसमधला सर्वांत मोठा अनपेक्षित खर्च तेथेच निघतो. गवंड्याला बरोबर घेऊन सकाळी ऊन चढण्याआधी गच्चीवर जावे. तो लाकडी दांड्याने कोबा ठोकत पुढे सरकतो. घट्ट जागी आवाज भरीव येतो आणि कोबा खालून सुटला असेल तेथे मडक्यासारखा पोकळ. पोकळ जागेभोवती खडूने वर्तुळ करून घ्यावे. मग पावसाळी पाइपांची तोंडे गोणपाट आणि प्लॅस्टिकने बंद करून दोन-तीन इंच पाणी तुंबवावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीत जाऊन छताच्या कडा, पंख्याच्या हुकाभोवतीची जागा आणि खिडकीवरचा सज्जा हाताने चाचपून पाहावा. डोळ्याला ओल दिसण्याआधी तळव्याला गारवा लागतो. एका घराच्या बाबतीत मी ही परीक्षा केली नाही, कारण छत नुकतेच रंगवलेले आणि स्वच्छ दिसत होते. जुलैमध्ये भाडेकरूच्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पाणी टपकू लागले आणि भर पावसात दुरुस्ती करता येत नसल्याने त्या कुटुंबाला ऑक्टोबरपर्यंत एक खोली वापरता आली नाही. मी तेवढे महिने अर्धेच भाडे घेतले. मूळ मालकाने विक्रीआधी रंग का दिला होता, हे तेव्हा मला कळले.

आता करारनामा. ‘अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही’ हे वाक्य आपण दहा जणांकडून ऐकाल. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्याहून मोठा धोका असा की, नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले याविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. माझ्या पहिल्या घराच्या वेळी एका ओळखीच्या दलालाच्या सांगण्यावरून मी शंभराच्या मुद्रांकावर नोटरी करून घर दिले. ठरलेले भाडे ४,५०० होते. दीड वर्षाने वाद झाला तेव्हा ते ३,००० च ठरले होते असे समोरून सांगण्यात आले, आणि माझ्याकडे टिकेल असा कागद नव्हता. शेवटी पाच महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडून मी घर परत घेतले.

नोंदणीचा खर्च पाहिला तर ती टाळण्याचे कारणच उरत नाही. १३,००० भाडे, ४०,००० परत करायची अनामत आणि २४ महिन्यांची मुदत धरा. एकूण भाडे ३,१२,०००. त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांचे ८,००० मिळवा. ३,२०,००० वर पाव टक्का म्हणजे ८०० रुपये मुद्रांक शुल्क. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. आधारच्या साहाय्याने हे काम ऑनलाइन, घरबसल्या होते. दोघांनी निम्मा-निम्मा खर्च वाटून घेण्याची पद्धत आहे. मी पहिल्या वेळी तो स्वतः करतो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणे हेही त्याच दिवशी उरकावे.

मुदत संपूनही भाडेकरू निघत नसेल तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण यासाठीही करार नोंदवलेला हवा. वीज तोडणे, पाणी बंद करणे, कुलूप लावणे या मार्गाला कधीही जाऊ नये. तसे केले की आपली बाजू खरी असूनही आपणच आरोपी होतो, आणि त्या घरात लहान मुले आहेत याचाही विसर पडू देऊ नये.

माणूस पारखण्याविषयी. मी वेतनपावती आणि ओळखपत्र पाहतोच, पण त्याआधी पूर्वीच्या घरमालकाशी बोलतो. सध्याच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो गोडच बोलेल, त्याच्या आधीचा मालक खरे सांगतो. जात, धर्म, आहार यांवरून नकार देणारे मालक मी पाहिले आहेत. मला ती वागणूक पटत नाही, आणि भाडे वेळेवर येण्याशी तिचा काही संबंधही आढळला नाही. अविवाहित मुलांना घर द्यायला हरकत नाही. फक्त करारात प्रत्येकाचे नाव हवे आणि भाडे एकाच खात्यातून यायला हवे. राहायला येण्याच्या दिवशी भाडेकरूबरोबर खोल्याखोल्यांतून फिरून पंखे, नळ, गिझर, दारांच्या किल्ल्या यांची यादी करावी, महावितरणच्या मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा आणि यादीवर दोघांनी सही करावी. दुरुस्तीचा फोन आला की त्याच दिवशी उत्तर द्यावे, माणूस दुसऱ्या दिवशी पाठवला तरी चालेल. चांगले कुटुंब पाच-सहा वर्षे राहिले तर बाजारभावापेक्षा पाचशे-हजार रुपये कमी घेऊनही आपला फायदाच होतो, कारण दर वेळी घर रिकामे झाले की एका महिन्याचे भाडे, दलाली आणि रंगकाम एकदम जाते.

आपल्या दोन घरांपैकी मी म्हसरूळकडचे जुने घर निवडेन, गच्ची आणि नकाशा या दोन परीक्षांत ते उतरले तर. त्याचा हप्ता आणि भाडे यांतली पावणेनऊ हजारांची तफावत आपला पगार सोसू शकेल. पाथर्डी फाट्याची तफावत एखादे आजारपण किंवा नोकरीतला खंड आला की घर विकायला लावील. मात्र आपले स्वतःचे काम सातपूरला आहे म्हणून म्हसरूळ दूर वाटून घेऊ नका. तेथे राहणार आहे तो आपला भाडेकरू, आणि आपल्याला महिन्यातून एकदाच जायचे आहे. विसार देताना रक्कम ५०,००० पेक्षा जास्त ठेवू नये, ती धनादेशाने द्यावी, आणि विसार पावतीत असे लिहून घ्यावे की, शोध अहवालात दोष निघाला, मंजूर नकाशाबाहेर बांधकाम आढळले, किंवा बँकेने कर्ज नाकारले, तर संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत मिळेल. विकणारा ही ओळ लिहायला तयार नसेल, तर पुढच्या घराकडे वळावे.